प्लेअर घ्यायच्या आधी कपाट उघडा

ब्लू-रे की एचडी डीव्हीडी, म्हणजे एचडी सिनेमाच्या दोन प्रकारच्या डिस्कपैकी कुठली टिकणार, हे भांडण संपून आता बरीच वर्षं झाली. १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाने जाहीर करून टाकलं की आम्ही एचडी डीव्हीडी बंद करतोय, आणि विषय मिटला. पण त्या भांडणाच्या पोटात आपल्यासारख्या गिऱ्हाइकाचा जो प्रश्न होता, की नवीन आलंय तर घ्यावं का अजून थोडं थांबावं, तो काही मिटलेला नाही. या दिवाळीत तो आमच्याकडे परत आला. माझा मामेभाऊ ऐरोलीला नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेलाय, हॉलमध्ये पंचावन्न इंची टीव्ही लावलाय, आणि फराळ करता करता मला म्हणाला, दादा, फोर-के ब्लू-रे प्लेअर घेऊ का, की ओटीटीच बास झालं?

मी म्हटलं आधी मला सांग, तुझ्या कपाटात काय काय आहे. तो म्हणाला कपाटात म्हणजे? म्हटलं डिस्क रे, व्हीसीडी, डीव्हीडी, जे काय असेल ते. तर मामी आतूनच म्हणाली, "आहेत की, ह्यांनी जमवलेल्या नाटकांच्या सगळ्या आहेत, पिशवीत भरून माळ्यावर टाकल्यात." मला विचाराल तर या सगळ्या विषयाचं मूळ तिथे माळ्यावरच आहे. पण तिकडे जायच्या आधी ते जुनं भांडण नीट सांगतो, कारण त्यात पैसे मोजणाऱ्या माणसाने लक्षात ठेवावं असं खूप काही आहे.

डीव्हीडी १९९६ च्या शेवटी जपानमध्ये बाजारात आली. तिच्या जन्माआधी पण असेच दोन गट होते, एकीकडे तोशिबा आणि टाइम वॉर्नर, दुसरीकडे सोनी आणि फिलिप्स. पण तेव्हा आयबीएमसारख्या कॉम्प्युटरवाल्या कंपन्या मध्ये पडल्या, दोन दोन प्रकार आम्ही घेणार नाही, काय ते एक ठरवा असं त्यांनी सांगितलं, आणि १९९५ मध्ये दोघांनी एकत्र येऊन एक ठरवलं. म्हणून आपल्याला डीव्हीडी एकच मिळाली, कुठल्याही दुकानातून आणा, कुठल्याही प्लेअरमध्ये घाला. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, एचडीच्या वेळी परत बोलणी झाली, ती मात्र फिसकटली. आणि २००६ मध्ये दुकानात दोन वेगवेगळ्या डिस्क आल्या, दिसायला अगदी सारख्या, आणि एकीचा प्लेअर दुसरी वाचणार नाही.

गंमत म्हणजे दोघींचा लेझर एकच. ४०५ नॅनोमीटरचा, निळा-जांभळा. सीडीला ७८० चा लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल. तरंगलांबी कमी झाली की लेझरचा ठिपका बारीक होतो, जाड मार्करऐवजी बारीक रिफिलचं पेन घेतलं की त्याच पानावर जास्त ओळी बसतात तसं. हा निळा प्रकाश सेमीकंडक्टरमधून काढणं फार वर्षं जमत नव्हतं, शेवटी १९९३ मध्ये निचिया या जपानी कंपनीत शुजी नाकामुरांनी झगझगीत निळा एलईडी करून दाखवला, आणि निळ्या एलईडीच्या कामासाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा तिघांना मिळालं. मला हे नेहमी सांगावंसं वाटतं, कारण आपण प्लेअर कुठल्या कंपनीचा ते बघतो आणि ज्यामुळे तो शक्य झाला ते काम विसरतो.

फरक होता खोलीचा. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर डिस्कच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलीमीटर आत, एचडी डीव्हीडीमध्ये डीव्हीडीसारखाच ०.६ मिलीमीटर आत. थर जवळ असल्यामुळे ब्लू-रेची लेन्स आणखी बारीक ठिपका पाडू शकते, म्हणून एका थरात २५ जीबी, आणि एचडी डीव्हीडीत १५. पण थर इतका वर म्हटल्यावर जरा ओरखडा पडला की संपलं, म्हणून सुरुवातीला ब्लू-रे चक्क प्लास्टिकच्या कव्हरात बंद करून देणार होते, मग टीडीकेने कडक कोटिंग काढलं आणि ते कव्हर गेलं. एचडी डीव्हीडीचं तसं नव्हतं, रचना डीव्हीडीसारखीच असल्यामुळे जुन्याच कारखान्यात थोडे बदल करून ती छापता यायची, म्हणून स्वस्त.

आता माझं स्पष्ट मत सांगतो. घेणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर एचडी डीव्हीडी जास्त सरळ होती. रीजन कोड नव्हता, कुठल्याही देशातली डिस्क कुठेही चालायची. प्रत्येक प्लेअरला नेटवर्कची जोडणी असायचीच, सुरुवातीच्या ब्लू-रे प्लेअरना ती असायलाच हवी असं बंधन नव्हतं, त्यामुळे ते प्लेअर पुढे आलेल्या सोयींना मुकले. एप्रिल २००६ मध्ये तोशिबाचा पहिला प्लेअर अमेरिकेत ४९९ डॉलरला आला, आणि जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर हजार डॉलरला, म्हणजे दुप्पट. चित्र म्हणाल तर व्हिडिओ पॅक करायच्या पद्धती दोघींमध्ये त्याच होत्या, आणि पहिल्या काही महिन्यांत आलेल्या ब्लू-रे डिस्कच उलट जरा डाव्या दिसायच्या.

तरी जिंकली ब्लू-रे. का, तर नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन थ्री काढला आणि त्या प्रत्येक मशिनमध्ये ब्लू-रे ड्राइव्ह घालून दिला, त्यामुळे गेम खेळायला घेतलेलं मशिन घराघरात ब्लू-रे प्लेअर होऊन बसलं. दुसरं म्हणजे स्टुडिओ. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स फक्त एचडी डीव्हीडीकडे गेले तेव्हा वाटलं पारडं फिरलं. मग ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने सांगितलं की आम्ही यापुढे फक्त ब्लू-रे, आणि दीड महिन्यात सगळं आटपलं. दुसऱ्याच वर्षी, २००९ मध्ये, खुद्द तोशिबानेच ब्लू-रे प्लेअर काढला.

ज्यांनी हौसेने एचडी डीव्हीडी घेतली होती ती माणसं काय चुकली? माझ्या मते काहीच नाही. त्यांनी चित्र बघितलं, किंमत बघितली, सोयी बघितल्या, जे बघायला पाहिजे ते सगळं बघितलं. निकाल लागला तो त्यांच्या हॉलमध्ये लागलाच नाही, तो स्टुडिओच्या ऑफिसात लागला. म्हणून मी कुणालाही सांगतो की कुठली डिस्क जिंकेल याचा अंदाज बांधत बसू नका, ते आपल्या हातात नसतं आणि आपल्याला कळणारही नसतं. आपल्या हातात दोन गोष्टी असतात, आपली खोली आणि आपल्याला काय बघायचंय ते.

हे सगळं तिकडे चाललं होतं तेव्हा ठाण्यात आम्ही काय करत होतो, तर व्हीसीडी घेत होतो. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली आणि अक्षरशः वाण्याच्या दुकानात, स्टेशनबाहेर, गोखले रोडला चपला-पर्सवाल्यांच्या बाजूला ओरिजिनल डिस्कचे गठ्ठे दिसायला लागले. त्याआधी ओरिजिनल म्हणजे दिवाळी किंवा वाढदिवस, नाहीतर भाड्याने आणायची. मामांनी त्या काळात नाटकांच्या व्हीसीडी घेतल्या. गडकरी रंगायतनला जे नाटक चुकलं ते, आणि जे बघितलं होतं ते परत बघायचं म्हणून. दर पगाराला एकदोन आणायचे, आल्या आल्या पहिल्या पानावर लिहावं तसं कव्हरच्या आत बारीक अक्षरात तारीख टाकायचे.

आधी खोलीचं सांगतो, कारण हे कुणीच सांगत नाही आणि दुकानात तर नाहीच. चांगल्या नजरेचा माणूस साधारण एक आर्क-मिनिट एवढं, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग एवढं बारीक बघू शकतो. त्याच्यावरून हिशेब केला तर बत्तीस इंची टीव्हीवर फुल एचडीच्या १०८० ओळींचा सगळा बारकावा दिसायला तुम्हाला चार फुटांवर बसायला पाहिजे. आपल्या डीव्हीडीच्या ५७६ ओळी असतात, त्या जवळजवळ आठ फुटांवरून एकजीव दिसतात. आता नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगचा हॉल घ्या, सोफा या भिंतीला, टीव्ही त्या भिंतीला, मध्ये आठ फूट. त्या खोलीत बत्तीस इंची टीव्हीसाठी चांगली डीव्हीडी काढून ब्लू-रे आणली तर रंग थोडे खुलतील, हलत्या चित्रातला गोंधळ कमी होईल, पण ज्या बारकाव्याचे पैसे मोजले तो डोळ्यापर्यंत पोचणारच नाही. हे मी टेप लावून बघितलंय, आणि तुम्हीही लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

पंचावन्न इंची टीव्हीचा हिशेब वेगळा. त्यावर डीव्हीडी तेरा फुटांच्या आत बसलात तर कमी पडते, फुल एचडी सात फुटांपर्यंत पुरते, आणि फोर-केचा पूर्ण फायदा हवा असेल तर साडेतीन फुटांवर बसावं लागेल, तसं तर कुणी बसत नाही. भावाचा सोफा नऊ फुटांवर आहे. म्हणजे ब्लू-रे त्याला नक्की उपयोगाची, फोर-केच्या जास्तीच्या ठिपक्यांचा उपयोग जवळपास नाही. पण फोर-के डिस्कबरोबर एचडीआर येतं, म्हणजे उजेड आणि अंधार यातली रुंदी वाढते, रंग वाढतात, आणि ते नऊ फुटांवरूनच काय खोलीच्या दारातून पण दिसतं. टीव्ही तेवढा चांगला असेल तर फोर-के डिस्कसाठी पैसे घालायचं खरं कारण हे आहे, ठिपके नाही.

मग आम्ही माळ्यावरची पिशवी खाली काढली.

डिस्क ट्यूबलाइटखाली धरून एकेक बघत होतो. मामांनी त्या जपल्यात, पण माळा तो माळा, आणि आपल्याकडचा पावसाळा. काहींच्या खालच्या बाजूला बारीक रेघा होत्या, मामी ओढणीने गोल गोल पुसायला लागली तर मी थांबवलं, डिस्क नेहमी मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसायची, गोल पुसलं आणि त्यात रेघ पडली तर ती ट्रॅकच्या बाजूने जाते आणि प्लेअरला ती ओलांडता येत नाही. आणि लोकांना वाटतं चकचकीत बाजू जपायची, पण सीडीचा आणि व्हीसीडीचा खरा जीव वरच्या छापलेल्या बाजूला असतो, माहितीचा थर लेबलच्या अगदी खाली असतो, त्यावर बॉलपेनने नाव लिहिलं तरी तो दुखावतो. डीव्हीडीत तो बरोबर मध्ये, दोन थरांच्या सँडविचमध्ये. ब्लू-रेत खाली, लेझरच्या जवळ. एका डिस्कवर तर लेबलच्या पापुद्र्याला टाचणीएवढं भोक पडलं होतं, ट्यूबलाइटसमोर धरल्यावर त्यातून उजेड आरपार येत होता. तिथला नाटकाचा तुकडा कायमचा गेला.

एक चांगली डिस्क लावली, पंचावन्न इंचावर. व्हीसीडीचं चित्र असतं ३५२ बाय २८८, म्हणजे डीव्हीडीच्या एक चतुर्थांश ठिपके, आणि भावाच्या टीव्हीवर जेवढे ठिपके आहेत त्याच्या ऐंशीव्या हिश्शाच्या आसपास. नाटकात तर अंधार जास्त. स्टेजवर निळसर लाइट होता, नायिका दारात उभी, आणि तिचा चेहरा म्हणजे सात-आठ चौकोन, बोलली की चौकोन हलायचे. साडीचे काठ कुठले ते कळेना. पण आवाज! आवाज स्वच्छ. व्हीसीडीत ध्वनीला बऱ्यापैकी जागा दिलेली असते, स्टिरिओ असतो, सॅम्पलिंग सीडीएवढंच असतं, मार खाल्लाय तो चित्राने. त्यामुळे प्रेक्षकांतला हशा डावीकडून सुरू होऊन उजवीकडे कसा गेला ते ऐकू येत होतं, कुणीतरी खोकलं ते ऐकू आलं, आणि मामा खुर्चीतून नटाच्या अर्धा सेकंद आधी वाक्यं म्हणत होते, डोळे मिटून. त्यांना चौकोनांचा काही त्रास नव्हता.

मला होता. म्हणजे मला त्या वेळी खरोखर वाईट वाटलं. कारण मी नंतर शोधलं, दुकानांत विचारलं, नेटवर बघितलं, आणि त्या पिशवीतल्या बऱ्याच नाटकांची याच्यापेक्षा चांगली प्रत मला कुठे मिळाली नाही. काही यूट्यूबवर आहेत, पण ती पण कुणीतरी याच व्हीसीडीवरून चढवलेली, तेच चौकोन. हॉलिवूडचा जुना सिनेमा व्हीएचएसवर आला, मग डीव्हीडीवर, मग ब्लू-रेवर, मग फोर-केवर, कारण गरज पडली की त्यांना मूळ निगेटिव्ह परत स्कॅन करता येते. ३५ मिलीमीटरच्या निगेटिव्हमध्ये एवढा बारकावा असतो की पन्नास वर्षांनी पण त्यातून फोर-के निघतं. आपल्याकडेही पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे जुन्या फिल्मवर हे काम होतं, आणि ते किती मोठं काम आहे हे आपण पुरेसं बोलत नाही.

पण नाटक फिल्मवर नसतं. त्या काळातलं नाटक व्हिडिओ टेपवर शूट व्हायचं. बऱ्याचदा बीटाकॅम. बीटाकॅम म्हणजे बीटामॅक्स या जुन्या घरगुती व्हिडिओ कॅसेटचंच व्यावसायिक भावंड, सोनीने १९८२ मध्ये काढलं. बीटामॅक्स घरांमध्ये व्हीएचएससमोर हरलं, १९७५ ला आलेलं बीटामॅक्स एका कॅसेटमध्ये एकच तास घ्यायचं आणि वर्षभराने आलेलं व्हीएचएस दोन तास, अख्खा सिनेमा एका कॅसेटमध्ये बसायला पाहिजे एवढी साधी गरज होती लोकांची. पण बीटाकॅम टीव्ही स्टुडिओंत पुढे कितीतरी वर्षं राज्य करत होतं. त्या टेपवर ५७६ ओळींचं पूर्ण चित्र असतं. म्हणजे मामांच्या व्हीसीडीवर मूळ टेपमधलं जेमतेम चतुर्थांश उतरलंय, आणि बाकीचं कुठेतरी एखाद्या निर्मात्याच्या ऑफिसात, एखाद्या स्टुडिओच्या लोखंडी कपाटात पडून आहे, असलंच तर. ती टेप नीट उतरवली तर फोर-के होणार नाही, ब्लू-रे पण म्हणता येणार नाही, पण चेहरा चेहऱ्यासारखा दिसेल, काठ दिसतील. जगातला कितीही भारी प्लेअर आणला तरी व्हीसीडीवरून ते होणार नाही, प्लेअर नसलेली माहिती फक्त अंदाजाने भरतो.

ओटीटीचं म्हणाल तर मी रोज बघतो, माझा काही विरोध नाही. पण दोन गोष्टी. एक म्हणजे ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मिळतात, फोर-के डिस्कवर एकूण शंभराच्या वर जाऊ शकतं, आणि नेटफ्लिक्स फोर-के साठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरे म्हणतं. साध्या संवादाच्या सीनमध्ये फरक कळणार नाही. पण पडद्यावर पाऊस आला की कळतो, कारण पावसात प्रत्येक फ्रेममधला प्रत्येक कोपरा बदलतो आणि कमी मेगाबिटमध्ये थेंबांचा चिखल होतो. दुसरी गोष्ट, ओटीटीवरचं आज आहे ते उद्या असेल असं नाही, हक्क संपले की गेलं. तुमच्या कपाटातली डिस्क कुणी काढून नेत नाही.

म्हणून भावाला मी असं सांगितलं. कागद घे आणि जे सिनेमे तू दोनदा-तीनदा बघितलेस आणि अजून बघशील त्यांची नावं लिही. मग ते डिस्कवर मिळतात का बघ, ब्लू-रे असेल तर रीजन बघ, आपला सी आहे, अमेरिकेचा ए, फोर-के डिस्कला रीजन नसतो. यादी भरली तर प्लेअर घे, आणि फार उशीर करू नकोस, कारण ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बंद केले, सॅमसंग २०१९ मध्ये बाहेर पडली, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करायच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं, दुकानातली निवड कमीच होत जाणार. घेताना व्हीसीडी चालते का हे मात्र तोंडाने विचार, सगळे चालवत नाहीत. यादी भरली नाही तर सोड, त्या पैशांत टीव्हीला चांगले स्पीकर घे. आणि काहीही घे, पण आधी मामांची पिशवी उतरव. व्हीसीडी कॉम्प्युटरला लावली की एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसतं, त्यातल्या डॅट फाइल म्हणजेच नाटक, त्या हार्ड डिस्कवर घ्यायच्या, एक प्रत आपल्याकडे, एक दुसऱ्या घरी. अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हवर बघायची, एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसऱ्याला येते कधी कधी.

आता हे वाचणाऱ्यांमध्ये कुणी नाट्यनिर्मात्याच्या घरातलं असेल, कुणाच्या वडिलांचा एडिटिंग स्टुडिओ असेल, कुणी कॅमेऱ्यावर काम केलेलं असेल, तर तुम्हाला कळकळीने सांगतो. तुमच्याकडे त्या टेप असतील तर त्यांच्यावर बुरशी आलीय का ते आधी बघा, आली असेल तर मशिनमध्ये अजिबात घालू नका, टेप पण जाईल आणि मशिनचं हेड पण. ती आधी साफ करणारा माणूस शोधा. चालू स्थितीतली बीटाकॅमची मशिनं दरवर्षी कमी होतायत आणि ती दुरुस्त करणारे हात त्याहून कमी. हक्कांचं काय ते नंतर ठरवा, प्रकाशन करायचं की नाही तेही नंतर ठरवा, आधी टेपवरचं सगळं चित्र, पूर्ण ५७६ ओळींनी, एका फाइलमध्ये उतरवून घ्या, आणि जून लागायच्या आत घ्या.